जिंजीने राखलेली आठ वर्षे

१६९०च्या सप्टेंबरात झुल्फिकारखान जिंजीच्या पायथ्याशी उतरला तेव्हा त्याच्या पाठीशी ताजे यश होते. दहा महिन्यांपूर्वी रायगड त्यानेच घेतला होता. येसूबाई आणि लहानगा शाहू त्याच्याच हाती लागले, आणि त्या कामगिरीवर खूश होऊन औरंगजेबाने इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब दिला. विजापूर १६८६ साली पडले होते, गोवळकोंडा त्याच्या पुढच्या वर्षी. १६८९च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. बादशाही छावणीच्या हिशेबाने दख्खनचे काम आता संपत आले होते. रायगडावरून निसटलेले राजाराम महाराज तेवढे जिंजीत जाऊन बसले होते. त्यांना धरले की मोहीम आटोपली.

या उरलेल्या कामाला सात वर्षांहून अधिक काळ लागला. शेवटी किल्ला पडला, पण राजा हाती आला नाही.

असे का झाले, याचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे 'जिंजी अभेद्य होती'. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. आदिलशाही फौजांनी ती सतराव्या शतकाच्या मध्यावर घेतली. १६७७ साली शिवाजी महाराजांनी ती फारसा रक्तपात न होऊ देता घेतली. पुढे १७५० साली फ्रेंचांनी एका रात्रीत घेतली आणि १७६१ साली ती इंग्रजांकडे गेली. इतक्यांना दारे उघडून देणारा किल्ला औरंगजेबाच्या सगळ्यात कर्तबगार सरदाराला एवढी वर्षे दाद देत नाही, यामागे नुसत्या दगडांचे बळ नसणार. तरीही सुरुवात दगडांपासूनच करायला हवी.

तीन टेकड्यांचा एक किल्ला

जिंजी आजच्या तमिळनाडूत, विळुप्पुरम जिल्ह्यात, तिंडिवनमहून तिरुवण्णामलैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुदुच्चेरी तिथून सुमारे ७० किलोमीटर. सह्याद्रीचे किल्ले पाहून सरावलेल्या डोळ्याला हा मुलूख आधी बुचकळ्यात टाकतो. इथे डोंगररांग नाही, घाट नाही, सोंड धरून चढत जाणारी वाटही नाही. सपाट भातशेतीतून एकदम टेकड्या उठतात, आणि त्या टेकड्या म्हणजे घराएवढ्या गोल ग्रॅनाइटच्या शिळांचे ढीग. रायगडाला किंवा राजगडाला बेसॉल्टचे ताशीव कडे राखतात; इथे एकमेकींवर रचल्यासारख्या शिळाच पहारा करतात. बांधणाऱ्यांनी ते ओळखून शिळांमधल्या फटी तेवढ्या चिऱ्यांनी बुजवल्या. त्यामुळे दुरून पाहताना टेकडी कुठे संपली आणि तट कुठे सुरू झाला, हे पुष्कळ ठिकाणी कळत नाही.

अशा तीन टेकड्या एका तटबंदीत घेतल्या आहेत. पश्चिमेला राजगिरी, उत्तरेला कृष्णगिरी आणि आग्नेयेला चंद्रायनदुर्ग. तिन्हींना जोडणारा त्रिकोणी तट तीन मैलांहून लांब आहे. या तटाची जाडी काही ठिकाणी २० मीटरपर्यंत जाते आणि बाहेर सुमारे २४ मीटर रुंदीचा खंदक आहे. उत्तरेकडच्या दरवाजाला अर्काट किंवा वेल्लोर दरवाजा म्हणतात, पूर्वेकडच्याला पाँडिचेरी दरवाजा. आतल्या मैदानात देवळे, तळी, कोठारे, पागा आणि वस्ती होती. प्रत्येक टेकडीला तिचा स्वतंत्र तट आणि तिच्या माथ्यावर तिचा बालेकिल्ला. एक टेकडी गेली तरी दुसरी लढू शकते, दुसरी गेली तरी तिसरी. बाहेरचा तट फुटला म्हणजे किल्ला पडला, असा हिशेब इथे चालत नाही.

यातला राजा म्हणजे राजगिरी. सपाटीपासून तिची उंची सुमारे ८०० फूट. पायथ्याच्या आतल्या किल्ल्यातून दगडी पायऱ्यांची वाट निघते आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत वर जाते. प्रत्येक दरवाजाच्या मागे वळण आहे, म्हणजे आत घुसलेल्याची बगल वरच्या पहाऱ्याला उघडी पडते. माथ्याच्या थोडे अलीकडे वाट अचानक थांबते. समोर कातळात उभी भेग आहे: सुमारे २४ फूट रुंद आणि ६० फूट खोल. पलीकडे बालेकिल्ल्याचा दरवाजा. मध्ये फक्त लाकडी पूल. तो काढून घेतला की खालून आलेली फौज कितीही मोठी असो, भेगेच्या अलीकडे अरुंद वाटेवर रांगेत उभे राहण्यापलीकडे तिला काही करता येत नाही. पलीकडच्या मूठभर बंदूकवाल्यांनी तिला रोखावे, अशीच ही जागा आहे. माथ्यावर रंगनाथाचे देऊळ, धान्याचे कोठार, टेहळणीच्या जागा आणि पाण्याची सोय आहे. वरून पाहिले की बाकीच्या दोन्ही टेकड्या आणि मधला सगळा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. खाली कोणाचा मोर्चा कुठे बसला आहे, हे वरच्या माणसाला विचारावे लागत नाही.

कोनांपासून नायकांपर्यंत

स्थानिक परंपरा किल्ल्याचा उगम बाराव्या-तेराव्या शतकात नेते आणि त्याचे श्रेय धनगर समाजातल्या कोन घराण्याला देते. आनंद कोनाने राजगिरी बांधायला घेतली, तर कृष्ण कोनाने उत्तरेची टेकडी. तिचे कृष्णगिरी हे नाव त्याच्यावरून पडले, असे मानतात. ही मूळची गढी लहान असावी. तिला राजधानीचे रूप आले ते विजयनगरच्या काळात, आणि त्यातही सोळाव्या शतकात विजयनगरच्या वतीने इथे कारभार पाहणाऱ्या नायकांच्या हातून.

आज जिंजीत पाहण्यासारखे जे उभे आहे त्यातले बरेचसे नायकांचे. पायथ्याची विशाल कोठारे, व्यंकटरमणाचे देऊळ, तळी आणि सगळ्यांत लक्षवेधी असा कल्याण महाल. चारी बाजूंनी खोल्या असलेला चौक आणि त्याच्या मधोमध मजल्यांवर मजले चढवत नेलेला चौकोनी मनोरा, माथ्यावर निमुळते छत. प्रत्येक मजल्यावर एकच छोटी खोली आणि तिच्याभोवती कमानींचा सज्जा. या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत पाणी चढवण्यासाठी भिंतीतून भाजलेल्या मातीचे नळ नेले होते. लढाऊ किल्ल्यात एवढी चैन करणारे राज्यकर्ते स्वतःला किती सुरक्षित समजत असतील, हे या नळांवरून कळते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस निकोलाव पिमेंता हा पोर्तुगीज जेझुइट जिंजीला आला. भारतात पाहिलेले हे सर्वांत मोठे शहर, आणि लिस्बन सोडले तर पोर्तुगालमध्येही एवढे शहर नाही, असे त्याने लिहून ठेवले. पाद्र्याच्या वर्णनात थोडी भर असेलही. पण तटाच्या आत मैदानभर पसरलेले चौथरे पाहिले की त्याची गोष्ट पोकळ वाटत नाही.

मराठ्यांचा या किल्ल्याशी पहिला मोठा संबंध आला तो एका कैदेच्या निमित्ताने. १६४८ साली आदिलशाही सरदार मुस्तफाखान जिंजीवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेत शहाजीराजे होते. याच वेढ्याच्या छावणीत, जुलै महिन्यात, शहाजीराजांना अटक झाली. तिकडे पुण्याच्या मुलखात त्यांच्या मुलाने किल्ले घ्यायला सुरुवात केली होती, आणि राजांची सुटका व्हायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. कोंढाणा परत द्यावा लागला तो याच प्रकरणात. पुढे थोड्याच दिवसांत जिंजी आदिलशाहीत गेली. वडील जिथे बेड्यांत पडले तो किल्ला मुलाने पुढे जवळजवळ तीस वर्षांनी घेतला.

महाराजांनी काय पाहिले

१६७७च्या सुरुवातीला शिवाजी महाराज भागानगरला कुतुबशहाला भेटले आणि त्याच्या मदतीने कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले. जिंजीचा आदिलशाही किल्लेदार नासिर मुहम्मद बोलणी करून, मोबदला घेऊन बाजूला झाला. जिंजी आपल्याला मिळेल अशी कुतुबशहाची अपेक्षा होती. ती फोल ठरली; महाराजांनी किल्ला स्वतःकडे ठेवला, रामजी नलगे यांना हवालदार नेमले आणि लगेच बांधकाम काढले.

त्या काळी तमिळ मुलखात असलेल्या आंद्रे फ्रेरे या जेझुइटाने आपल्या पत्रात या कामाचे वर्णन केले आहे. जिंजीभोवती नवे तट उभारले, खंदक खोदले, बुरूज चढवले, पाण्याचे साठे केले. आणि हे सगळे इतके नेटके झाले की युरोपातल्या स्थापतींनाही नाव ठेवायला जागा नव्हती, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. शत्रूपक्षातल्याचे नव्हे, पण परक्याचे हे मत आहे, म्हणून त्याला वजन.

महाराजांनी एवढा खर्च राज्यापासून इतक्या दूरच्या किल्ल्यावर का केला? पन्हाळ्यापासून जिंजी सरळ रेषेतही सातशे किलोमीटरांहून लांब आहे. पण नकाशा बघितला तर उत्तर सापडते. जिंजीजवळ वेल्लोरचा भुईकोट. त्यालाही मराठ्यांनी वेढा घातला होता आणि शेजारच्या टेकड्यांवर साजरा-गोजरा हे दोन किल्ले बांधून त्याला जेरीस आणले. १६७८ साली तो हाती आला. दक्षिणेला तंजावरात भोसल्यांचीच दुसरी पाती, पूर्वेला समुद्र आणि त्यावर इंग्रज, फ्रेंच, डच यांच्या वखारी. उत्तरेकडून प्रचंड शत्रू आला आणि घरचा मुलूख गेला, तर पाय टेकायला दुसरी जागा असावी, असा हा विचार दिसतो. महाराजांच्या हयातीत त्याची गरज पडली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतच पडली.

भगव्याची नवी राजधानी

१६८९च्या एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून निघाले, प्रतापगडमार्गे पन्हाळ्याला गेले. पन्हाळ्यालाही मोगलांचा फास आवळत आला तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी दक्षिणेची वाट धरली. सोबत प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ, खंडेराव दाभाडे अशी निवडक माणसे. वेश लिंगायत यात्रेकरूंचा. वाटेत मोगलांच्या तुकड्या पाठीवर आल्या. बिदनूरच्या राणी चेन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना वाट दिली. बेंगळूरवरून वेल्लोर आणि तिथून नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजी. जवळजवळ त्याच दिवसांत तिकडे रायगड पडला.

जिंजीत आल्यावर पुन्हा अष्टप्रधान नेमले गेले आणि प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवे पद निघाले. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे 'हुकुमतपनाह' म्हणून सोपवला. जिंजीहून सुटणाऱ्या सनदा आणि वतनपत्रांनी इकडचे सरदार बांधले जाऊ लागले. १६९१च्या जूनमध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात तर रायगड घेतल्यावर इतके, विजापूर घेतल्यावर इतके, मग भागानगर, औरंगाबाद आणि सर्वांत शेवटी दिल्ली घेतल्यावर उरलेले, असे मोबदल्याचे टप्पे पाडले आहेत. वेढ्यात अडकलेल्या दरबाराने दिल्ली घेण्याचा करार लिहावा, यात हास्यास्पद काही नव्हते. हा लढा मुलूख राखण्यापुरता नाही, हे सरदारांना कागदावर दाखवायचे होते.

कागदाने सरदार बांधले, तरी शिबंदीला रोख लागते. तिजोरीत खडखडाट होता. समुद्राकाठच्या गोऱ्या व्यापाऱ्यांशी केलेले व्यवहार याच गरजेपोटी झाले. कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला मद्रासच्या इंग्रजांनी १६९०मध्ये जिंजीच्या दरबाराकडून विकत घेतला. तेव्हा मद्रासला एलिहू येल गव्हर्नर होता. किल्ल्याबरोबर किती जमीन द्यायची? तोफेचा गोळा जाईल तितकी, असे ठरले. इंग्रजांनी मद्रासहून चांगल्यातली तोफ आणली, चारी दिशांना बार काढले आणि गोळे पडले तिथपर्यंतची गावे आपली म्हणून घेतली. तोफगोळ्याची गावे म्हणून ती पुढे ओळखली गेली. पैशाच्या निकडीत झालेल्या या सौद्याचा परिणाम मात्र दूरवर गेला. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा इंग्रजांना आसरा मिळाला तो याच किल्ल्यात, फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये, आणि तिथे पळून आलेल्यांत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा तरुण कारकून होता.

वेढा घालणाऱ्यांचा वेढा

आता झुल्फिकारखानाकडे वळू. त्याच्यापुढे पहिली अडचण होती ती भूमितीची. एका टेकडीचा किल्ला कोंडायला चार दिशांना चार मोर्चे पुरतात. तीन टेकड्या आणि तीन मैलांहून लांब तट पूर्ण कोंडायला त्याच्याजवळ होती त्याच्या कितीतरी पट माणसे हवी होती. त्यामुळे कोणती ना कोणती बाजू कायम मोकळी राहायची, आणि त्या बाजूने धान्य, माणसे, बातम्या आत यायच्या. तंजावरच्या भोसल्यांकडूनही मदत पोचत होती. या वेढ्यात मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याचा चिटणीस असलेला भीमसेन सक्सेना हजर होता. त्याच्या 'नुस्खा-इ-दिलकुशा' या आठवणींत वेढ्याचे हे ढिलेपण स्पष्ट दिसते.

दुसरी अडचण आभाळाची. दख्खनमध्ये दसरा झाला की पाऊस ओसरतो आणि फौजा बाहेर पडतात. तमिळ किनाऱ्यावर मोठा पाऊस नेमका त्याच वेळी, ऑक्टोबर ते डिसेंबर, कोसळतो. ज्या महिन्यांत मोर्चे पुढे सरकवायचे, त्याच महिन्यांत खंदक तुंबत, दारू भिजे आणि रस्ते बंद होत. रसद यायची ती शेकडो मैलांवरून.

१६९१च्या डिसेंबरात बादशहाने आपला धाकटा मुलगा कामबक्ष आणि झुल्फिकारचा बाप, वजीर असदखान, यांना कुमक देऊन पाठवले. छावणी मोठी झाली, पण तोंडे तीन झाली. शहजाद्याला बाप-लेकांचे वर्चस्व सहन होईना, आणि त्याने किल्ल्यातल्या मराठ्यांशी आतून बोलणे लावले.

नेमक्या याच वेळी, १६९२च्या अखेरीस, महाराष्ट्रातून संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव येऊन पोचले. सुमारे ३०,००० घोडा. त्यांनी जिंजीच्या तटाकडे पाहिलेही नाही. संताजींनी कांचीकडे वळून तिथला फौजदार अलीमर्दानखान पकडला. धनाजींनी वेढ्यातल्याच इस्माईलखान मकाच्या ठाण्यावर झडप घालून त्याला जखमी करून धरला. मग दोघांनी मिळून मोगल छावणीची दाणावैरण तोडली. महिना उलटायच्या आत चित्र पालटले. तटाच्या आतल्या माणसांना पोटभर होते आणि तटाबाहेरच्या बादशाही लष्करात धान्याला सोन्याचा भाव आला. बादशहाचा मृत्यू झाला अशी आवई उठली. कामबक्ष निसटून मराठ्यांना मिळणार, या संशयावरून असदखान आणि झुल्फिकारखानाने बादशहाच्या मुलालाच कैद केले.

इतके झाल्यावर मोर्चे टिकणे शक्यच नव्हते. नेता येण्यासारख्या नव्हत्या त्या तोफा निकाम्या केल्या, मराठ्यांशी वाट सोडण्याची बोलणी झाली आणि १६९३च्या जानेवारीत बादशाही फौज वेढा उठवून वांदिवाशला मागे सरकली. जिंजीच्या बचावात ही सगळ्यांत मोठी घटना. तिच्यात भिंतींचा वाटा एवढाच की मोगल दोन वर्षे एका जागी खिळले आणि संताजी-धनाजींना ते हवे तिथे सापडले.

यानंतरचा वेढा नावाचाच. झुल्फिकार तंजावरवर गेला, तिथल्या राजाकडून खंडणी घेतली, वेल्लोरभोवती फिरला, पुन्हा जिंजीसमोर आला, पुन्हा हलला. त्याच्या लष्कराचे पगार थकले होते. पण भीमसेनाच्या लिहिण्यातून आणखी एक गोष्ट सुचवली जाते: खानाला घाई नव्हतीच. बादशहा म्हातारा, आज ना उद्या तख्तासाठी भांडण लागणार. तोवर दक्षिणेत स्वतंत्र फौज हाताशी ठेवणे त्याच्या सोयीचे होते. जिंजी घेतली की त्याला परत बोलावणे येणार होते.

त्याचवेळी महाराष्ट्र-कर्नाटकात काय चालले होते? १६९५च्या नोव्हेंबरात दोड्डेरीच्या गढीत संताजींनी कासिमखानाला कोंडून संपवले, आणि दोनच महिन्यांत हिम्मतखानाला मारले. औरंगजेबाचे निवडक सरदार असे एकेक करून जात होते. इकडे गेलेले किल्ले परत येत होते. बादशहाची उत्तम फौज, उत्तम सरदार आणि शेकडो मैल रसद जिंजीपायी दक्षिणेत गुंतून पडली नसती, तर रामचंद्रपंतांना एवढी मोकळीक मिळाली नसती.

किल्ला कसा पडला

ज्या फौजेवर जिंजी टिकली होती, ती फुटली तेव्हा किल्ल्याचे दिवस भरले. प्रल्हाद निराजींसारखा सांभाळून घेणारा माणूस १६९४ साली गेला होता. १६९६मध्ये संताजींचे आणि राजाराम महाराजांचे बिनसले; सेनापतिपद धनाजींकडे गेले आणि दोन मराठी फौजा एकमेकींवर चालून गेल्या. १६९७च्या जूनमध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात नागोजी मान्याने संताजींना ठार केले. दक्षिणेत झुल्फिकारखानाची झोप उडवणारा माणूस राहिला नाही.

इकडे औरंगजेबाचा संयम संपला होता. कडक हुकूम आले तेव्हा १६९७च्या अखेरीस खानाने वेढा मनापासून आवळला. दाऊदखान पन्नीने आग्नेयेची टेकडी फार वेळ न घालवता जिंकली. एवढी वर्षे जे अशक्य दिसत होते ते काही आठवड्यांत होऊ लागले, यावरूनच आधीच्या वेढ्याची पारख करावी.

पण डिसेंबर संपण्यापूर्वी राजाराम महाराज किल्ल्याबाहेर पडले होते. चिटणीस बखर सांगते की मोगल छावणीत असलेल्या शिर्क्यांना खंडो बल्लाळांनी वळवले, आणि त्यासाठी दाभोळचे आपले वतन शिर्क्यांना लिहून दिले. झुल्फिकारखानाने डोळेझाक केली, असाही संशय त्याच्यावर तेव्हापासून आहे. महाराज वेल्लोरमार्गे निघून १६९८च्या सुरुवातीला विशाळगडावर पोचले. मागे दलपतराव बुंदेला आणि इतरांनी तटाला शिड्या लावल्या, आतला किल्ला पडला, राजगिरीवरच्या लोकांनी शरणागती पत्करली. राजपरिवारातील काही माणसे हाती लागली. बादशहाने खानाचा नुसरतजंग हा किताब लक्षात ठेवून किल्ल्याला नुसरतगड नाव दिले.

पुढचा काळ या किल्ल्याला उतरणीचा गेला. मोगलांच्या वतीने आलेल्या बुंदेल्या किल्लेदाराचा मुलगा देसिंग १७१४ साली अर्काटच्या नवाबाशी लढताना मारला गेला. तमिळ लोकगाथेत तो आजही जिवंत आहे. सत्ता अर्काटला गेली. १७५०च्या सप्टेंबरात फ्रेंच सेनापती बुसीने रात्रीच्या हल्ल्यात तिन्ही टेकड्या घेतल्या. तोफा आणि शिस्तबद्ध पायदळ आल्यावर शिळांच्या ढिगांचा आधार पूर्वीसारखा उरला नव्हता. फ्रेंचांनी व्यंकटरमणाच्या देवळातले कोरीव खांब पुदुच्चेरीला नेले. १७६१मध्ये पुदुच्चेरी पडल्यावर जिंजीनेही इंग्रजांपुढे शस्त्र ठेवले.

जिंजीचा हिशेब

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी. काहींना तो या यादीत उपरा वाटला. किल्ला बांधला कोनांनी, वाढवला नायकांनी, मराठ्यांकडे राहिला जेमतेम वीस वर्षे. मग तो मराठ्यांचा कसा?

बांधकामाच्या मालकीने पाहिले तर ही शंका रास्त आहे. पण मराठ्यांची युद्धपद्धती म्हणजे काय, हे जिंजीइतके स्पष्ट दुसरा किल्ला क्वचितच सांगेल. शत्रूला एका जागी गुंतवायचे, आपण मात्र कुठेही गुंतायचे नाही. किल्ला गेला तर जाऊ द्यायचा, राजा आणि फौज राहिली पाहिजे. रायगड गेला, राज्य राहिले. जिंजी गेली, तोवर राज्य पुन्हा सह्याद्रीत उभे होते. राजाराम महाराजांनी साताऱ्याला राजधानी केली आणि १७००च्या मार्चमध्ये त्यांचा मृत्यू झाला, तरी लढा थांबला नाही. तो पुढे चालवला त्यांच्या पत्नी ताराबाईंनी. त्या या वेढ्याच्या काळात जिंजीत राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा शिवाजी तिथेच १६९६ साली जन्मला. तटामागे बसून राहिल्याने काय होते आणि तटाबाहेरच्या घोड्याने काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. औरंगजेबाने १६९९पासून स्वतः बाहेर पडून सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले एकेक करून घेतले, त्यांतले बरेचसे पैसे मोजून. आणि त्याच वर्षांत ताराबाईंच्या फौजा नर्मदेपलीकडे माळव्यात शिरत होत्या.

बादशहा किल्ले मोजत राहिला. जिंजीपायी गेलेली सात वर्षे त्याने कधी त्या मोजणीत धरली नाहीत, आणि मराठ्यांनी नेमकी तीच धरली होती.